पाणघोड्याचे पंजे आणि मालिकेचा ‘भाग पहिला’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बालपुरवणीत समोरासमोरच्या पानांवर दोन मजकूर आले. डावीकडे पालकांना सल्ला होता : पुस्तकमालिका असेल तर कण्यावरचा क्रमांक पाहावा, एकपासून सुरुवात करावी, मधले पुस्तक गाळू नये. उजवीकडे रंग भरण्यासाठी पाणघोड्याचे चित्र होते. त्याच्या डोक्यावर टोपी, पायांना मांजरासारखे पंजे, तोंडात मासा आणि डोळे थेट गालांवर. आम्हाला दोन्ही चुका एकाच जातीच्या वाटल्या. सल्ला देणाऱ्याने कणा पाहिला, पण पुस्तक उघडले नाही. चित्रकाराने दुसऱ्या कुणाचे तरी चित्र पाहिले, पण प्राण्याकडे पाहिले नाही. मुलांची पुस्तके लावणे, त्यांना चिठ्ठ्या चिकटवणे, फाटली तर सांधणे हे आमचे रोजचे काम असल्यामुळे या दोन्ही बाबतींत थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी क्रमाबद्दल, आणि तेही पाणघोड्यांच्याच पुस्तकांवरून. जेम्स मार्शल यांची ‘जॉर्ज अँड मार्था’ ही दोन पाणघोड्यांच्या मैत्रीची मालिका १९७२ साली सुरू झाली आणि १९८८ साली सातव्या पुस्तकावर थांबली. प्रत्येक पुस्तकात पाच छोट्या गोष्टी आहेत. मार्थाने केलेले वाटाण्याचे सूप जॉर्जला आवडत नाही, म्हणून तो ते गुपचूप स्वतःच्या बुटात ओततो. ही गोष्ट समजायला आधीचे काहीही वाचलेले असण्याची गरज नाही. पस्तीसपैकी कुठलीही गोष्ट कुठूनही काढावी, दोघे मित्र आहेत एवढे पहिल्या दोन वाक्यांत कळते. अशा मालिकेत ‘पहिले पुस्तक कुणीतरी नेले आहे, ते परत आल्यावर ये’ असे मुलाला सांगणे म्हणजे शुद्ध छळ आहे.

याच्या बरोबर उलट सँड्रा बॉयन्टन यांची दोन पुस्तके. ‘बट नॉट द हिप्पोपोटॅमस’ हे जाड पुठ्ठ्याच्या पानांचे, अगदी लहानांसाठीचे पुस्तक १९८२ साली आले. त्यात सगळे प्राणी खेळतात आणि पाणघोडा पानोपानी बाजूला उभा असतो. शेवटी तो सामील होतो, पण त्याच क्षणी दुसरा एक प्राणी, आर्माडिलो, एकटा राहतो. पुस्तक तिथेच संपते. त्या आर्माडिलोचे पुस्तक आले २०१८ साली, म्हणजे तब्बल ३६ वर्षांनी. पाने मोजकी, शब्द त्याहून मोजके, तरी इथे क्रमाला अर्थ आहे, कारण पहिल्या पुस्तकाचे शेवटचे पान हीच दुसऱ्याची सुरुवात आहे. उलटे वाचले तर काही बिघडत नाही, पण ते शेवटचे पान नुसते शेवटचे पान होऊन बसते. क्रम पाळायचा की नाही हे पुस्तकाच्या जाडीवरून किंवा वाचकाच्या वयावरून ठरत नाही, याला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

या दोहोंच्या मधला प्रकार सर्वांत जास्त आढळतो, आणि त्याच्याबद्दलच कुणी बोलत नाही. पहिले पुस्तक आधी वाचावे, बाकीची कशीही. ऑस्ट्रेलियातील लेखिका हेझेल एडवर्ड्स यांच्या १९८० सालच्या पुस्तकात एका लहान मुलीच्या घराच्या छपरावर पाणघोडा बसून केक खातो. हा पाणघोडा मुलीच्या मनातला सवंगडी आहे, मोठ्यांना चालत नाही ते सगळे त्याला चालते. पुढच्या पुस्तकांत तो तिच्याबरोबर शाळेच्या मैदानावर पोहोचतो, सहलीच्या गाडीच्या टपावर बसून उन्हाने भाजून निघतो. ती एकमेकांवर अवलंबून नाहीत. मात्र छपरावरचा पाणघोडा कोण, हे एकदा कळलेले असावे लागते. नाहीतर मूल ‘हा गाडीवर चढला कसा?’ या प्रश्नात अडकते आणि गोष्ट पुढे निघून जाते.

हे तीन प्रकार कपाटासमोर उभे राहून दहा मिनिटांत ओळखता येतात. मालिकेतले पहिले पुस्तक बाजूला ठेवावे आणि दुसरे व तिसरे हातात घ्यावे. प्रत्येकाची पहिली चार पाने वाचावीत. ओळख करून न देता नावे येत असतील, ‘त्या रात्रीनंतर’, ‘मागच्या पावसाळ्यासारखे’ अशा खुणा असतील, तर क्रम पाळावा लागेल. पात्रांची ओळख दर वेळी नव्याने होत असेल तर लागणार नाही. मग दोन्हींची शेवटची दोन पाने वाचावीत. पुस्तकाच्या सुरुवातीला आणि शेवटी जग जसेच्या तसे असेल, म्हणजे कुणी मोठे झाले नाही, गाव सोडले नाही, कुणाचे गुपित फुटले नाही, तर मालिका मोकळी आहे. ‘याच मालिकेतील इतर पुस्तके’ या यादीवर मात्र विसंबू नये. ती कधी प्रकाशनाच्या क्रमाने असते, कधी अकारविल्हे, तर कधी तिच्यात नुसती सध्या उपलब्ध असलेली पुस्तके असतात, आणि यातले कुठले हे यादीवर लिहिलेले नसते.

कण्यावरचा क्रमांक हा तर स्वतंत्र विषय आहे. सी. एस. लुईस यांची नार्नियाची सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात दर वर्षी एक अशी निघाली. कपाटातून दुसऱ्या जगात जाण्याची गोष्ट पहिली, १९५० ची. त्या जगाची उत्पत्ती सांगणारे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ प्रकाशनक्रमाने सहावे, १९५५ चे. पण हल्लीच्या बहुतेक संचांत त्याच्याच कण्यावर १ छापलेला असतो, कारण संच कथेतल्या काळाप्रमाणे लावलेला असतो. १९५४ चे ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ त्या हिशेबाने पाचव्यावरून तिसऱ्या जागी येते. या बदलाच्या बाजूने सांगायचे तर, १९५७ साली एका बालवाचकाला लिहिलेल्या पत्रात खुद्द लुईस यांनी काळाच्या क्रमाकडे कल दाखवला होता. पण त्याच पत्रात त्यांनी मालिका आधी आखलेली नव्हती, आणि कुठल्या क्रमाने वाचली याने कदाचित फारसा फरक पडत नाही, असेही म्हटले आहे.

आमचे मत : पहिल्या वाचनाला प्रकाशनाचा क्रम, दुसऱ्याला हवा तर कथेतला काळ. कारण साधे आहे. पूर्वकथा नंतर लिहिली जाते आणि लेखक ती लिहिताना वाचकाला आधीचे ठाऊक आहे हे धरूनच लिहितो. बर्फाळ जंगलात मधोमध एक रस्त्यावरचा दिवा उभा आहे. १९५० च्या पुस्तकात हे कोडे आहे. १९५५ चे आधी वाचले तर तो दिवा तिथे कसा आला हे ठाऊक असते आणि कोड्याची नुसती वस्तू होते. वस्तू बघून कुणी पान उलटत नाही.

क्रमांकावर विसंबायचे नाही तर कण्यावर लिहायचे काय? आमच्या अनुभवाचे उत्तर : क्रमांक नव्हे, वर्ष. चिठ्ठीवर मालिकेच्या नावाची दोन अक्षरे आणि मूळ पहिल्या प्रकाशनाचे वर्ष, एवढेच. क्रमांक घातले की पाच वर्षांनी लेखक पूर्वकथा काढतो, आणि मग शून्य क्रमांक द्यायचा की सगळ्या चिठ्ठ्या उकलायच्या हा पेच पडतो. वर्ष मात्र बदलत नाही. नवे पुस्तक आपोआप शेवटी जाऊन बसते. एकाच वर्षी दोन पुस्तके निघाली असतील तर वर्षापुढे क, ख. ज्या मालिकेत क्रम खरोखरच पाळायचा आहे तिच्या चिठ्ठीवर एक लाल ठिपका द्यावा, ज्यात फक्त पहिले आधी हवे तिथे ठिपका फक्त पहिल्यावर. मोकळ्या मालिकेला ठिपका नको.

वर्ष शोधताना हमखास होणारी चूक म्हणजे पुनर्मुद्रणाचे वर्ष उचलणे. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला ‘पहिली आवृत्ती’, ‘दुसरी आवृत्ती’, ‘पुनर्मुद्रण’ अशा ओळी असतात, त्यांतली पहिली घ्यावी. अनुवाद असेल तर अनुवादाचे वर्ष नव्हे, मूळ पुस्तकाचे. प्रकाशक मालिकेतले सर्वांत लोकप्रिय पुस्तक आधी अनुवादित करून घेतो, आणि तिसरे पुस्तक मराठीत पहिले ठरते. जोडआवृत्ती, म्हणजे तीन पुस्तके एका बांधणीत, असेल तर तिन्ही वर्षे लिहावीत. नाहीतर मूल तीच गोष्ट सुट्या पुस्तकात पुन्हा घरी नेते आणि फसवले गेल्यासारखे परत करते.

मधले पुस्तक हरवले असेल तर मालिका थांबवायची नाही. पुढच्या पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर चार ओळींची चिठ्ठी लावावी : कोण नवे आले, कोण गेले, भांडण कशावरून झाले, सध्या सगळे कुठे आहेत. चारच ओळी. पाचवी लिहायला गेलो की आपण गोष्ट सांगायला लागतो. आणि पात्रे दर पुस्तकात वर्षावर्षाने मोठी होत असतील तर सगळा संच एकदम हातात देऊ नये. पहिले पुस्तक आठ वर्षांच्या मुलासाठी असते, शेवटचे बारा वर्षांच्या. महिन्याभरात संपवले तर शेवटची दोन पुस्तके वाचली जातात, पण पोहोचत नाहीत.

आता तो टोपीवाला.

पाणघोड्याच्या पायाला पंजा नसतो. प्रत्येक पायाला चार बोटे, प्रत्येक बोटाला खुरासारखे नख, बोटांमध्ये थोडासा पडदा, आणि भार चारही बोटांवर. चित्रात चार गोल नखे काढली की काम भागते. डोळे गालांवर नसतात. कान, डोळे आणि नाकपुड्या हे तिन्ही डोक्याच्या वरच्या कडेला साधारण एका रेषेत असतात, म्हणूनच सगळे अंग पाण्यात ठेवून त्याला पाहता, ऐकता आणि श्वास घेता येतो. ही एक रेषा चुकली की बाकी कितीही छान रंगवा, तो डुक्कर दिसतो. डोळे बाजूला असलेला पाणघोडा अस्तित्वात आहे, पण तो वेगळा : पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातला बुटका पाणघोडा. त्याचे वजन १८० ते २७५ किलो, तर मोठ्या जातीचा नर सहज १,५०० किलोच्या पुढे जातो. थायलंडमधल्या प्राणिसंग्रहालयात १० जुलै २०२४ रोजी जन्मलेली आणि जगभर गाजलेली मू डेंग ही बुटक्या जातीची. तिचे गोंडस तोंड पाहून चित्र काढायचे आणि ते नदीतल्या तीस जणांच्या कळपात ठेवायचे, ही नवी चूक आहे. बुटका पाणघोडा बहुधा एकटा राहतो.

मासा तर काढूनच टाकावा. पाणघोडा रात्री पाण्याबाहेर येऊन चरतो आणि एका रात्रीत सुमारे ४० किलो गवत खातो. गवत तो दातांनी तोडत नाही, रुंद ओठांनी खुडतो. क्वचित मांसाला तोंड लावल्याच्या नोंदी आहेत, पण मासे धरणारा तो प्राणी नव्हे. मग ते दात कशासाठी? भांडणासाठी. खालचे सुळे अर्ध्या मीटरपर्यंत वाढतात, आयुष्यभर वाढत राहतात आणि वरच्यांवर घासून धारदार होतात. चावण्याच्या दाढा मात्र झिजल्या की झिजल्या. ‘जॉर्ज अँड मार्था’च्या पहिल्याच पुस्तकात जॉर्जचा पुढचा दात तुटतो आणि दंतवैद्य त्याला सोन्याचा बसवून देतो. ती गोष्ट वाचून झाल्यावर सुळ्यांची ही हकिकत सांगून पाहावी, आणि पुढच्या सहा पुस्तकांत चित्रकाराने तो दात लक्षात ठेवला आहे का, हे मुलांनाच शोधायला लावावे.

गोष्टींच्या पुस्तकांत उघडलेला जबडा हसू म्हणून येतो, फार तर जांभई म्हणून. खऱ्या पाणघोड्याचा जबडा सुमारे १५० अंशांत उघडतो, आणि तसा उघडला की अर्थ बहुधा ‘मागे हो’ असा असतो. पाण्यातल्या हद्दीवरून नर एकमेकांना असेच तोंड दाखवतात. मुलांना हे सांगितले की गंमत कमी होत नाही, उलट त्याच चित्राकडे ती दुसऱ्यांदा पाहतात.

आणि तो पोहत नाही. त्याचे अंग पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे तो तरंगत नाही. तळावरून चालतो, तळाला पाय मारून लांब ढांगा टाकत पुढे सरकतो आणि साधारण तीन ते पाच मिनिटांनी नाकपुड्या वर काढतो, झोपेतसुद्धा. पिल्लू पाण्याखाली दूधही पिते. नावेसारखा तरंगणारा, पाठीवर माकडांना बसवून नदी पार करणारा पाणघोडा पुस्तकापुस्तकांत सापडतो. ते चित्र काढताना पाण्याखालचे चार पाय तळाला टेकलेले दाखवले तर गोष्ट एका रेषेने खरी होते.

उन्हाने भाजलेल्या त्या गाडीवरच्या पाणघोड्याला मात्र आम्ही हात लावणार नाही. पाण्याबाहेर पाणघोड्याची कातडी खरोखरच लवकर कोरडी पडते आणि भेगाळते. तिच्यातून एक द्राव पाझरतो, तो आधी रंगहीन असतो, काही मिनिटांत लाल होतो, मग तपकिरी. लोक त्याला रक्ताचा घाम म्हणत. तो रक्तही नाही आणि घामही नाही. २००४ साली जपानी संशोधकांनी त्यातली लाल आणि नारिंगी अशी दोन रंगद्रव्ये ओळखली. ती सूर्याची अतिनील किरणे शोषतात, आणि लाल द्रव्य जिवाणूंची वाढही रोखते.

मग गोष्टीत काय चालवून घ्यायचे आणि काय नाही? आम्ही एकच कसोटी लावतो. चूक दुरुस्त केल्यावर गोष्ट पडते का? छपरावरून पाणघोडा उतरवला तर गोष्टच उरत नाही, तेव्हा ती चूक नाही. पंजांच्या जागी नखे काढली तर काहीच बिघडत नाही, तेव्हा ती चूकच, आणि आळसाची.

या कसोटीतूनच आणखी एक क्रम निघतो, जो कुठल्याही कण्यावर नसतो. आधी गोष्टीचे पुस्तक, नंतर माहितीचे, मग पुन्हा तेच गोष्टीचे. माहिती आधी दिली की मूल गोष्टीत चुका शोधत बसते. नंतर दिली की दुसऱ्या वाचनात ‘हे खरं, हे खोटं’ असा नवा खेळ मिळतो. या खेळासाठी कागदाची अरुंद पट्टी पानात ठेवावी आणि खुणा तिच्यावर कराव्यात, पुस्तकावर नव्हे. ओवेन आणि म्झी यांची दोन पुस्तके याच कारणाने सांभाळून द्यावी लागतात. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर केनियाच्या किनाऱ्यावरून वाचवलेले पाणघोड्याचे पिल्लू आणि मोम्बासाच्या उद्यानातले सुमारे १३० वर्षांचे कासव यांची ही खरी हकिकत छायाचित्रांसह २००६ आणि २००७ साली आली. पाणघोड्याच्या चार-पाच कल्पित गोष्टींनंतर लगेच हाती दिली तर मूल तीही कल्पितच समजते. वाचण्याआधी छायाचित्र दाखवावे आणि एवढेच म्हणावे की हे झालेले आहे.

अनुवादकांसाठी दोन शब्द, कारण मराठीत येताना आणखी घोळ होतात. पाणघोडा आणि समुद्रघोडा हे वेगळे. दुसरा मासा आहे, बोटाएवढाही असतो. हिंदीत पाणघोड्याला दरियाई घोडा म्हणतात, त्यावरून अनुवाद करताना नदीतला पाणघोडा समुद्रात गेलेला सापडतो. तसा तो घोड्याचाही कुणी लागत नाही. आजच्या प्राण्यांत त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक देवमासे आणि डॉल्फिन आहेत, त्यामुळे पाणघोड्याला देवमासा भेटतो अशी गोष्ट कुणी लिहिली तर तिला आमचा पाठिंबा. दुसरी अडचण लिंगाची. इंग्रजीत पात्र तीन पुस्तके नुसते ‘हिप्पो’ राहू शकते, मराठीत पहिल्याच क्रियापदाला ‘आला’ की ‘आली’ ठरवावे लागते. चौथ्या पुस्तकात ती आई झाली की पहिल्या तीन भागांतला ‘तो’ कुठे लपवणार? सगळी मालिका वाचल्याशिवाय पहिल्या पुस्तकाचे पहिले वाक्य लिहू नये. तेवढी सवड नसेल तर नायकाला पिल्लू करावे. ‘पिल्लू आलं, पिल्लू चिखलात बसलं’ : नपुंसकलिंगाची ही सोय मराठीत आहे, ती वापरावी. आणि पहिल्या भागात पाणघोडा म्हटले तर तिसऱ्यात त्याला हिप्पो करू नये. अनुवादक बदलला हे मुलाला ठाऊक नसते, त्याच्या लेखी तो दुसराच प्राणी असतो.

पुरवणीत ते चित्र पुन्हा छापणार असाल तर कान, डोळे, नाकपुड्या एका ओळीत घ्याव्यात, प्रत्येक पायाला चार नखे द्यावीत, मासा काढून तोंडाशी गवत ठेवावे. टोपी आहे तशीच राहू द्यावी.

आपले,
एका बालवाचनालयात पुस्तके लावणारे काही जण